दोष ट्यूबलाइटचा

४ मे, सोमवार. संध्याकाळी साडेसहा.

नवी वही. ही फक्त दिव्यांसाठी. शास्त्रीय नोंदी ठेवायच्या, रडगाणं गायचं नाही.

समस्या: बाहेरच्या खोलीतली ट्यूबलाइट निकामी झाली आहे. दोन महिने झाले, छापलेली अक्षरं पसरतात. 'घ' आणि 'ध' जुळे भाऊ झालेत. रोज संध्याकाळी बाबांना कादंबरी वाचून दाखवतो, काल तीनदा अडलो. पुस्तक जुनं, टाइप बारीक, कागद पिवळा, त्यात ही ट्यूब. माणसाने वाचायचं कसं?

ही म्हणाली, "अहो, डोळे दाखवून या." बायकांना प्रत्येक गोष्टीवर डॉक्टर हा एकच उपाय माहीत. बावन्न वर्षांत चष्मा लागलेला नाही. औषधाच्या बाटल्यांवरची लेबलं तपासायचं काम चोवीस वर्षं करतोय. बॅच नंबर, मुदतीची तारीख, डोस. एक आकडा इकडचा तिकडे झाला तर कुणाच्या तरी जिवावर बेतायचं. असं काम कंपनी आंधळ्याला देते का?

(हा शब्द नको होता. बाबा काही ही वही वाचणार नाहीत, पण तरी.)

संकल्प: उद्या ट्यूब बदलणे.

५ मे, मंगळवार.

ट्यूब बदलली. लख्ख. वाचून पाहिलं. तसंच.

नव्या उजेडाला डोळे सरावायला दोन दिवस लागतात. वायरमन म्हणाला, "काका, जुनी चांगलीच होती की. मी नेऊ का?" ने म्हटलं.

७ मे, गुरुवार.

सरावले नाहीत. वायरमनला पुन्हा बोलावलं. आमची जुनी ट्यूब आता त्याच्या स्वयंपाकघरात लागली आहे आणि तिच्याखाली त्याची आई गव्हातले खडे वेचते म्हणे. ऐंशीची आहे. मी विषय बदलला.

बरीच माहिती मिळाली. उजेड नुसता असून भागत नाही, तो कुठून येतो ते महत्त्वाचं. डोक्यामागून आला तर आपलीच सावली पानावर. समोरून आला तर गुळगुळीत कागद चकाकतो. डाव्या खांद्यावरून यायला हवा. म्हणजे इतके दिवस मी चुकीच्या दिशेने वाचत होतो! केवढं ओझं उतरलं. टेबललॅम्प घ्यायचा, मान वळवता येईल असा.

हिला सांगितलं. ती शिवणाच्या मशीनवर होती. काळ्या कापडावर काळा दोरा चालवत होती, खिडकीच्या उजेडात, संध्याकाळी. "बरं," एवढंच म्हणाली. सुईत दोरा तिनेच ओवला होता. मी पाहत होतो. मला तो दोरा दिसत नव्हता. खिडकीकडे तोंड केलं की असं होतंच.

१० मे, रविवार.

लॅम्प डाव्या खांद्यावर. खुर्ची भिंतीपासून हातभर पुढे. सगळं नियमाबरहुकूम.

वाचन नीट झालं. बहुतांशी. दीडशेव्या पानावर मधल्या सात-आठ ओळी पार मिसळून गेल्या. थांबलो असतो तर बाबांनी कारण विचारलं असतं. म्हणून अंदाजाने पुढे नेलं. वादळ येतं, कप्तान शिडं उतरवायला सांगतो, खलाशी घाबरतात, कप्तान त्यांना धीर देतो. चांगलं जमलं. मला वाटतं मूळ लेखकापेक्षा माझा कप्तान जास्त धीराचा होता.

बाबा म्हणाले, "कप्तान बुधवारी बुडाला ना?"

मी म्हणालो, हा दुसरा कप्तान.

"बरं," बाबा म्हणाले.

या घरात 'बरं' हा शब्द फार वाढलाय.

१३ मे, बुधवार.

ऑफिसातलं उजेड मोजायचं मीटर घरी आणलं. गेटवरच्या रखवालदाराने पिशवी पाहिली, मी म्हणालो कॅलिब्रेशन. तो म्हणाला, "ठीक आहे, साहेब." विज्ञानाचा धाक असतो.

नोंदी: दारापाशी ११०. जेवणाच्या टेबलावर १९०. वाचायच्या खुर्चीत, लॅम्पसकट, ६२०. वाचायला पाचशे पुरतात असं मीटरच्या पुस्तिकेत छापलंय. (ही पुस्तिका हिच्याकडून वाचून घेतली. फारच बारीक टाइप.)

६२०. आणि तरी 'घ' आणि 'ध' तेच.

निष्कर्ष: मीटर बिघडलं आहे.

१६ मे, शनिवार.

हिच्याशी वाजलं. मी तिच्या मशीनवरचा पिवळा बल्ब काढून पांढराशुभ्र लावला होता, तिच्याच सोयीसाठी. तिने त्या उजेडात गिऱ्हाइकाच्या कोटाला जुळणारा राखाडी दोरा निवडला. अख्खा कोट शिवला. आज त्या गिऱ्हाईक बाईंनी तो उन्हात धरला, तर दोरा निळा. उसवायला दुपार गेली.

ही म्हणाली, "माझ्या दिव्याला हात लावायचा नाही. माझे डोळे चांगले आहेत."

'माझे' या शब्दावर जोर होता. मी न ऐकल्यासारखं केलं. उसवलेला दोरा जमिनीवर पडला होता तो उचलायला वाकलो आणि येताना दाराच्या चौकटीवर कपाळ आपटलं. उजवीकडची चौकट. त्या कोपऱ्यात उजेड कमी आहे. तिथे एक दिवा लावणे.

१८ मे, सोमवार. दुपारी, कँटीनमध्ये.

शांतपणे लिहितो.

मुलांच्या खोकल्याच्या सिरपची बॅच. मुदतीचा महिना ०३ हवा, लेबलवर ०८ छापलेला. मी सही करून बारा खोकी पुढे पाठवली. शेजारच्या टेबलाच्या बाईंनी सहज एक बाटली उचलली आणि परत माझ्यापुढे ठेवली. आकड्यावर बोट ठेवलं फक्त.

मी म्हणालो, माझ्या टेबलावरचा दिवा लुकलुकतो.

त्या म्हणाल्या, "तुमचा आणि माझा दिवा एकाच खोक्यातून निघाला. मी बसवताना होते."

बाराही खोकी परत आणली. आम्ही दोघांनी लेबलं सोलून नवी लावली. कुणाला कळलं नाही. त्या साहेबांना सांगणार नाहीत, असं मला वाटतं. जाताना एवढंच म्हणाल्या, की त्यांच्या भावाची मुलगी हेच सिरप घेते.

हात अजून गार आहेत. वर पंखा आहे.

२१ मे, गुरुवार.

बाईंना विनंती करून दिवसभर टेबल बदललं. फरक नाही. त्यांची खुर्ची दोन बोटं खाली आहे, त्यामुळे कोन बिघडतो.

घरी आल्यावर एक साधा प्रयोग केला. खरं म्हणजे करायला नको होता. भिंतीवरच्या घड्याळासमोर उभा राहिलो, अगदी जवळ. डावा डोळा झाकला, मधल्या खिळ्याकडे पाहिलं. सगळे आकडे जागच्या जागी. मग उजवा झाकला.

एक दिसला. तीन दिसला. दोन नव्हता.

काळा डाग वगैरे काही नाही. तिथली भिंतही व्यवस्थित रंगवलेली. नुसता दोनचा आकडा गेलेला. हात काढला, आला. झाकला, गेला. असं दहा-बारा वेळा केलं. आतून हिने विचारलं, "घड्याळ बंद पडलंय का?" हो म्हटलं. मग खोटं पडू नये म्हणून सेल काढून पुन्हा घातला. आता घड्याळ चार मिनिटं मागे आहे.

काचेवर चकाकी येते, म्हणून आकडा जातो. घड्याळाला मॅट काच मिळते का ते विचारणे.

घाबरलेलो नाही. नोंद असावी म्हणून लिहिलं.

२४ मे, रविवार.

आणखी चार दिवे आणले. एक चौकटीपाशी, एक बाबांच्या खुर्चीमागे, दोन वाचायच्या खुर्चीवर. त्यातला एक दुकानाच्या शोकेसमध्ये असतो तसा, एकाच जागी आग ओकणारा. शेजारच्या आजी दारातून डोकावल्या, "फोटो काढायचे आहेत का?" म्हणाल्या.

संध्याकाळी वाचायला बसलो. बाबांनी डोक्यावरून हात फिरवला. "दुपार झाली का?"

"नाही बाबा, साडेसहा."

"मग डोकं का भाजतंय माझं? किती दिवे आहेत इथे?"

मी सांगितलं, पाच. ते म्हणाले, "मी नऊ केले होते."

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं ते, माझ्या बावन्न वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. बाबा नकाशे काढायचे. इमारतींचे, पाइपलाइनींचे. त्यांच्या ड्रॉइंग बोर्डवरचा दिवा खराब झाला, असं त्यांना वाटायला लागलं. बदलला. मग बल्ब बदलला. मग बोर्डच खिडकीशी नेला. मग शाई कंपनीची फिकी आहे म्हणून तक्रार केली. "साडेतीन वर्षं मी त्या दिव्याच्या मागे होतो. तुझी आई सांगून सांगून थकली. रेघ कडेपर्यंत न्यायची आणि कडच सापडायची नाही. मग एकदा जिना उतरताना पायरी नव्हती. म्हणजे होती."

मी म्हणालो, पण तेव्हा औषधं नव्हती ना?

"होती," बाबा म्हणाले. "मीच गेलो नाही. भीती वाटत होती. आणि दिव्याला नावं ठेवणं किती सोपं असतं, तो उलट बोलत नाही." मग म्हणाले, "काचबिंदू बापाकडून मुलाकडे येतो. तुला माहीत आहे. मी तुला चाळिशीला सांगितलं होतं, दरवर्षी दाखव म्हणून. तू दाखवतोस असं सांगितलंस."

सांगितलं होतं खरं. बारा वर्षं सांगतोय.

तो शब्द बाबांनी उच्चारला म्हणून लिहिला. माझा त्याच्याशी संबंध आहे असं अजून सिद्ध झालेलं नाही. दिवे सगळे चालू ठेवले.

मग बाबा म्हणाले, "आता वाच. आणि दिसणार नाही तिथे सांग, दिसत नाही म्हणून. कप्तानाला पुन्हा जिवंत करू नकोस."

२७ मे, बुधवार.

सुट्टी टाकून डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. निर्णय माझा स्वतःचा, कुणाच्याही सांगण्यावरून नाही.

काउंटरवर फॉर्म दिला. नाव, वय, कुटुंबात कुणाला. फॉर्म अतिशय बारीक अक्षरात आणि बसायच्या जागेत उजेड अगदीच सामान्य. डोळ्यांच्या दवाखान्यात ही अवस्था! अशा ठिकाणी काय तपासणार? 'कुटुंबात कुणाला' तेवढं मात्र वाचता आलं. समोर एक गृहस्थ बसले होते, डोळ्याला पट्टी, मुलीचा हात धरून. हात सोडतच नव्हते.

फॉर्म टेबलावर ठेवला आणि निघालो. पेन चालत नव्हतं.

घरी सांगितलं, फार गर्दी होती. ही काही बोलली नाही. 'बरं'सुद्धा नाही. ते जास्त लागलं.

२९ मे, शुक्रवार.

डोस ५ मिली हवा. लेबलवर १५ मिली. मी ५ वाचलं. एक दिसलाच नाही. मी शपथ घेतो, तिथे एक नव्हता.

बाई या वेळी सरळ साहेबांकडे गेल्या. पंधरा मिनिटांनी साहेबांनी बोलावलं. ओरडले नाहीत. लेबल माझ्यापुढे ठेवलं आणि वाचायला सांगितलं. मी पाच वाचलं. त्यांनी लेबल थोडं डावीकडे सरकवलं. पंधरा झालं.

साहेब म्हणाले, "चोवीस वर्षांत तुमची एक चूक नव्हती, म्हणून मी काही लिहून घेत नाही. डोळ्यांचा कागद आणा. तोवर स्टोअरमध्ये बसा."

मी म्हणालो, साहेब, टेबलावरच्या दिव्याचं... त्यांनी नुसतं पाहिलं. वाक्य मी पूर्ण केलं नाही.

बाहेर बाई उभ्या होत्या. मी रागात होतो, पुष्कळ काही बोलणार होतो. त्या म्हणाल्या, "मागच्या वेळी गप्प बसले तेव्हापासून मी तुमची प्रत्येक बाटली पुन्हा बघतेय. अकरा दिवस. मला झोप नाही हो."

अकरा दिवस त्या माझं काम करत होत्या आणि मी वर दिवे मोजत होतो.

स्टोअरमध्ये रिकामी खोकी आहेत. उजेड ९०. कुणीच काही वाचत नाही तिथे.

१ जून, सोमवार.

दवाखाना. या वेळी ही बरोबर. फॉर्म तिने भरला. 'कुटुंबात कुणाला' या रकान्यात तिने मला न विचारता लिहिलं. अक्षर सुंदर आहे तिचं.

डॉक्टर बाई तरुण. डोळ्यात थेंब, हनुवटी टेकवा, वर बघा, खाली बघा. निळा दिवा डोळ्याला टेकतो की काय इतका जवळ आणला. मी उजेडाबद्दल माझ्या नोंदी सांगायला सुरुवात केली. त्या म्हणाल्या, "नंतर सांगा, आता श्वास घ्या." मी श्वास धरून ठेवला होता हे मला माहीत नव्हतं.

मग एका यंत्रासमोर बसवलं. मोठा पांढरा वाडगा, त्यात तोंड घालायचं. मध्ये एक ठिपका, त्याच्याकडेच पाहायचं. आजूबाजूला बारीक दिवे लुकलुकतात, कधी इथे, कधी तिथे. दिसला की बटण दाबायचं. यंत्रावरची मुलगी म्हणाली, "सोपं आहे, काका."

उजवा डोळा झाला. डावा सुरू झाला. दिवा. दाबलं. दिवा. दाबलं. मग काहीच नाही. बराच वेळ काहीच नाही. यंत्राचा टक टक आवाज मात्र येतोय, म्हणजे कुठेतरी लागतोय आणि मला दिसत नाहीये. मग मी टक झालं की बटण दाबायला लागलो. ताल सापडला. टक, दाब. टक, दाब. चोवीस वर्षं बाटल्या मोजल्यात, ताल मला जमतो.

मुलीने यंत्र थांबवलं. "काका, तुम्ही दिवा नसतानाही बटण दाबताय."

मी म्हणालो, नाही बाळ, मला दिसले.

"मध्ये मध्ये यंत्र नुसताच आवाज करतं, दिवा लावत नाही. कुणी अंदाजाने दाबतंय का ते बघायला. तुम्ही सगळ्याच्या सगळे दाबलेत." मग हळूच म्हणाली, "इथे पास-नापास नसतं. पुन्हा करू या का?"

ही कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती. तिने सगळं ऐकलं.

पुन्हा केलं. फक्त दिसले तेवढेच दाबले. मध्ये बरीच शांतता होती. त्या शांततेत बटण न दाबता बसणं, इतकं अवघड काम मी आजवर केलेलं नाही.

३ जून, बुधवार.

निकाल. डॉक्टर बाईंनी कागद समोर धरला. डाव्या डोळ्याच्या चित्रात, वर उजवीकडे, घास घेतल्यासारखा एक राखाडी तुकडा. तेवढा गेला. परत येणार नाही. उजवा शाबूत. डाव्याचा दाब वाढलेला आहे, उजव्याचा काठावर. थेंब घालायचे, रोज, दोन्ही डोळ्यांत, ठरलेल्या वेळी, कायमचे. नेमाने घातले तर उरलेलं बहुधा टिकेल. दर चार महिन्यांनी त्या वाडग्यात तोंड.

मी विचारलं, आणि अक्षरं पसरतात ते?

"ती चाळिशी," त्या म्हणाल्या. "दोनचा नंबर. दहा वर्षांपूर्वीच लागला असणार. चष्म्याशिवाय इतके दिवस वाचत कसे होतात?"

ही म्हणाली, "वाचत नव्हते. दिवे लावत होते."

डॉक्टर बाई हसल्या. मीही हसलो. मग त्यांना विचारलं, दोन वर्षांपूर्वी आलो असतो तर? त्यांनी कागद घडी करून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "आज आलात ना."

हे उत्तर नव्हतं, हे मला कळतं.

६ जून, शनिवार.

चष्मा आला. घालून पुस्तक उघडलं. 'घ' घसारखा, 'ध' धसारखा. जुन्या पिवळ्या बल्बखालीही. वायरमन दिवे काढायला आला होता, त्याने विचारलं, "काय झालं होतं काका शेवटी?" मी म्हणालो, वायरिंगमध्येच दोष होता. तो वायरिंग तपासायला निघाला, थांबवावं लागलं.

स्टोअरमध्ये आणखी सहा महिने. मग साहेब बघतील. लेबलांवर मी पुन्हा येईन असं मला वाटत नाही, आणि का कोण जाणे, हे लिहिताना थोडं हलकंही वाटलं.

आज बाबांना दीडशेवं पान पुन्हा वाचून दाखवलं. वादळ नव्हतंच. आठ ओळी फक्त बंदरातल्या मालाची यादी होती.

८ जून, सोमवार. सकाळी सात.

थेंबांचा पाचवा दिवस. डॉक्टर बाई म्हणाल्या, खालची पापणी ओढायची, बाटली वर धरायची, एक थेंब. लहान मूलही करेल. आजवरचा हिशोब: चार गालावर, तीन मिशीत, एक कानाकडे, डोळ्यात किती ते नक्की नाही. बाटली डोळ्याजवळ आली की डोळा मिटतो. मी मिटत नाही, तो मिटतो. हिने दोनदा प्रयत्न केला, मी तिचा हात धरला. भीती गेलेली नाही, उगाच खोटं का लिहू. उजव्याचा दाब काठावर आहे.

बाबा आपल्या खुर्चीत होते. म्हणाले, "इकडे ये. खाली बस."

जमिनीवर बसलो, मान मागे, डोकं त्यांच्या गुडघ्यावर. त्यांनी बाटली मागितली. मी म्हणालो, बाबा, तुम्हाला कसं... "गप्प बस," ते म्हणाले. डाव्या हाताची बोटं माझ्या कपाळावरून खाली आली, भुवई, मग पापणी. बोट तिथेच टेकवलं, त्या बोटावर बाटलीची मान टेकवली. "छताकडे बघ. मिटायचं नाही."

गार थेंब. बरोबर मध्ये. मग दुसरा डोळा, तसाच.

"आता पाच मिनिटं मीट, नाहीतर वाहून जातं."

दोघंही तसेच बसलो. ही आत मशीन चालवत होती. किती वेळ झाला ते मला कळेना, आणि डोळे उघडून घड्याळ पाहायची हिंमत होईना.

"झाली का पाच मिनिटं?" मी विचारलं.

"नाही," बाबा म्हणाले.